समोरच्या दुकानाचं मशीन

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि या दुकानाचे मालक, व्यासपीठावर बसलेले कंपनीचे विभागीय अधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे ज्यांना आपण सगळे काउंटरच्या ताई म्हणतो त्या, त्यांचे यजमान, त्यांची लेक, या दुकानातले मिस्त्री, फिटर, ड्रायव्हर, समोर बसलेले शेतकरी बंधू आणि भगिनी, आणि मागे सुट्या भागांच्या कपाटांना टेकून उभे असलेले माझ्याच दुकानातले चार जण, जे मला ‘डिझेल भरून येतो’ असं सांगून निघाले होते, अशा तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला व्यासपीठावर पाहून काहींच्या भुवया वर गेल्या. साहजिक आहे. रस्त्यापलीकडे जे काचेचं दुकान दिसतं, ते माझं. आम्हीही ट्रॅक्टर विकतो, पेरणीयंत्रं विकतो, हार्वेस्टर विकतो. या दुकानात मला नावाने कोणी ओळखत नाही. इथे मी ‘समोरचे’. समोरच्यांनी नवा फलक लावला, समोरच्यांनी भाव पाडला, समोरच्यांच्या डोक्यात हवा गेली. हे सगळं मला ऐकू येतं बरं का. माझे कान पहिल्यापासून तिखट. आता सत्कार एका दुकानात आणि भाषण दुसऱ्या दुकानदाराचं, हे म्हणजे कुस्तीत चीत झालेल्या पैलवानानेच जिंकलेल्याच्या गळ्यात हार घालण्यासारखं आहे. पण निमंत्रण ताईंनी स्वतः येऊन दिलं. मी म्हटलं, “ताई, मी उभा राहिलो तर ती गोष्ट निघेल.” त्या म्हणाल्या, “निघू दे. काउंटरच्या किल्ल्या परत दिल्या मी.”

ती गोष्ट कोणती? नऊ वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. ती फुटली असती तर ताईंची नोकरी गेली असती. आता त्या रीतसर निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे नोकरी घालवण्याची सोय अध्यक्षसाहेबांकडे उरलेली नाही. म्हणून सांगतो. अध्यक्षसाहेब, तुम्ही पाणी पिऊन घ्या.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण चूक माझी आहे. माझं शिक्षण म्हणाल तर पाना आणि हातोडी. रस्त्याकडेच्या गॅरेजात रॉकेलने बेअरिंगं धुता धुता मी मशीन ऐकायला शिकलो. इंजिनाला कान लावायचा आणि सांगायचं, तिसरा सिलिंडर रडतोय. निम्म्या वेळा बरोबर यायचं. उरलेल्या निम्म्या वेळा मी इतक्या खात्रीने सांगायचो, की गिऱ्हाइकाला ते बरोबर वाटायचं. हसू नका, विभागीय अधिकारी, तुमच्या कंपनीची माहितीपत्रकं याच तत्त्वावर निघतात.

तेरा वर्षांपूर्वी मी समोर दुकान काढलं. काच, थंड हवा, कॉफीचं मशीन. सोफा इतका मऊ, की शेतकरी त्यात बसला की उठवायला दोघे लागायचे. रांगेसाठी टोकन. फोनसाठी गोड आवाजाची एक बाई रेकॉर्ड करून ठेवलेली, ती सांगायची, ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.’ एक आजोबा दुकानात येऊन मला म्हणाले, “एवढा महत्त्वाचा आहे, तर उचलत का नाही रे?” मी तेव्हा हसलो होतो.

आणि इकडे काय होतं? एक लाकडी काउंटर, हात टेकून टेकून कड गुळगुळीत झालेला. एक फोन. दोन बाकं, त्यातलं एक डुगडुगतं. आणि काउंटरमागे ताई.

विक्रीत मी पुढे गेलो, हे अध्यक्षही मान्य करतील, मनातल्या मनात. पण माझ्याकडून ट्रॅक्टर घ्यायचा आणि बिघडला की रस्ता ओलांडून इथे आणायचा, असं सुरू झालं. आमच्या रंगाचं मशीन या आवारात उभं दिसलं, की आपल्याच पोराने शेजारच्या घरी पोटभर जेवावं तसं मला व्हायचं. काय कमी होतं हो माझ्याकडे? कॉफी होती, हवा होती. मिस्त्रीही तयारीचे होते.

एके दिवशी न राहवून मी इथे आलो. फिल्टर बघायला आलोय असं सांगून त्या डुगडुगत्या बाकावर बसलो आणि कान उघडे ठेवले. एक शेतकरी आला.

“ताई, ट्रॅक्टर सासूसारखा वागतोय.”

आमच्याकडे काय झालं असतं? तक्रार लिहायच्या आमच्या जॉबकार्डावर चार चौकटी. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, इलेक्ट्रिकल. सासूसाठी चौकट नव्हती. आमच्या माणसाने अंदाजाने एकीत टीक मारली असती आणि म्हटलं असतं, “पुढचं टोकन!” ताईंनी पेनाचं टोपण काढलं.

“सासूसारखा म्हणजे कसा?”

“चढावर कुरकुर. उतारावर गप्प. आणि पाहुण्यांसमोर एकदम गोड.”

“पाहुणे म्हणजे कोण?”

“तुमचे मिस्त्री आले की नीट चालतो हो.”

ताईंनी हे सगळं, एक शब्द न बदलता, कार्डावर उतरवलं. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लिहा, लिहा. खाली माझं नावही लिहा, म्हणजे मिस्त्रीला उदाहरण बघायला मिळेल.” ती त्याचीच सासू!

आणि दुरुस्ती झाल्यावरची इथली रीत तर त्याहून न्यारी. ताई तेच कार्ड शेतकऱ्याला वाचून दाखवायच्या. चढावर कुरकुर करतो? नाही. मिस्त्री गेल्यावर बिघडतो? नाही. प्रत्येक ओळीला मालकाच्या तोंडून ‘नाही’ आल्याशिवाय मशीन आवाराबाहेर जायचं नाही. मी मनात म्हटलं, ही दुरुस्ती आहे की गप्पांचा फड? फिल्टर न घेताच उठलो.

त्यानंतर मी एक उद्योग केला. या दुकानाचा हायड्रॉलिकचा सगळ्यात चांगला मिस्त्री फोडला. अध्यक्षसाहेब, आज चारचौघांत माफी मागतो. तो दोन वर्षांत मलाही सोडून गेला, तेव्हा आपली फिटंफाट झाली असं समजा. पण त्या वेळी तुम्ही जे भडकलात! फर्मान निघालं. ‘समोरच्या दुकानातून विकलेल्या यंत्राला जो हात लावेल, त्याला त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल.’ टाइप करून ताईंच्या डोक्यामागे भिंतीवर चिकटवलं. आणि आपले अध्यक्ष काही नुसते गरजणारे नव्हेत. पंधरा दिवसांत एका फिटरने भर बाजारात आमच्या ट्रॅक्टरचं चाक बदलून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो घरी बसला. सगळ्यांनी पाहिलं. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. म्हटलं, आता जातील कुठे?

आता माझ्या थोरल्या बहिणीकडे येतो. आक्का. तिसऱ्या रांगेत बसलीय. मान खाली घालू नकोस, आक्का, सगळ्यांना कळलंय.

आक्काने माझ्याकडून हार्वेस्टर घेतला होता. दाजींचं मत होतं की या दुकानातून घ्यावा. आक्का म्हणाली, “पाठचा भाऊ दुकान मांडून बसलाय आणि मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?” दाजी गप्प बसले. गप्प बसलेला नवरा किती दिवस लक्षात ठेवतो, हे इथल्या भगिनींना सांगायला नको.

त्या वर्षी चाळीस एकर गहू कापणीला आलेला आणि हवामानवाल्यांनी तीन दिवसांनी पाऊस सांगितलेला. मशीन शेतात उतरलं, थोडं चाललं, बंद पडलं. माझी माणसं धावली. आवारात आणलं, चालवलं, उत्तम चाललं. ‘पट्टा खराब’ म्हणून पट्टा बदलला, कार्डावर ठीक असं लिहिलं, परत पाठवलं. शेतात पुन्हा बंद. पुन्हा आणलं. या खेपेला मी स्वतः बाह्या सरसावून कान लावला. दहा मिनिटं ऐकलं.

“आक्का, घड्याळासारखं चालतंय बघ. तुझा ड्रायव्हरच घाई करतो.”

आक्का म्हणाली, “धाकट्या, मशीनचं ऐकून झालं असेल तर माझं ऐकतोस?”

“बोल की,” मी म्हटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आणि मी तो उचलला.

पुढचं तिने सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा थांबलं. अठरा एकर उभं. पाऊस उद्यावर आलेला. आक्काने आमच्या दुकानात फोन लावला. नंतर ती म्हणाली, “तुझ्या त्या बाईने वीस मिनिटं मला समजावलं की मी महत्त्वाची आहे.” मग तिने फोन ठेवला आणि इथे लावला. तो संवाद मी दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे, तेव्हा त्यात भेसळ नाही.

आक्का म्हणाली, “मशीन समोरच्या दुकानाचं आहे. दुकानदार माझा सख्खा भाऊ आहे. तुमचं फर्मान मला ठाऊक आहे. नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, मला विळ्यांनी कापणारी माणसं शोधायचीत.”

फर्मान ताईंच्या डोक्यामागे. त्या वर्षी लेकीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष, यजमानांचं पाठीचं दुखणं, घर त्यांच्या पगारावर. काढून टाकलेल्या फिटरचा रिकामा खिळा अजून भिंतीवर, ज्याला तो आपला डबा अडकवायचा. हे सगळं असताना त्यांनी विचारलं काय?

“बंद पडायच्या आधी काय होतं?”

“कण्हतं,” आक्का म्हणाली. “दाण्यांची टाकी निम्मी भरली की कण्हायला लागतं. मग जळका वास. मग थांबतं. टाकी रिकामी केली की पुन्हा शहाणं.”

“रिकाम्या टाकीवर कधी कण्हलंय?”

“एकदाही नाही.”

“भावाने बघितलं तेव्हा टाकीत दाणे होते?”

“त्याच्या आवारात कुठले दाणे? तिथे कॉफी असते.”

ताई म्हणाल्या, “मशीन तसंच ठेवा. टाकी रिकामी करू नका. येते मी.”

मित्रहो, तीस वर्षांचा कान माझा, पण आमच्या आवारात दोनदा आणलेलं मशीन आम्ही दोनदा रिकाम्या टाकीने चालवून पाहिलं होतं. दुखणं शेतात होतं आणि आम्ही त्याला धुऊनपुसून दवाखान्यात आणत होतो.

मला कळलं ते दाजींच्या फोनवरून. “मेहुणे, सवड असली तर शेतात या. तुमचं काम दुसरे लोक करतायत, बघायला तरी या.” मी नवा पट्टा आणि दोन मिस्त्री घेऊन पोचलो. बघतो तर ताई बांधावर बसलेल्या, गुडघ्यावर जॉबकार्ड. आणि इथले सगळ्यात जुने मिस्त्री, ज्यांना आपण मामा म्हणतो, ते हार्वेस्टरच्या पोटाखाली उताणे. फक्त पाय बाहेर.

“मामा,” मी म्हटलं, “पट्टा आणलाय.”

आतून आवाज आला, “घरी न्या आणि कपडे वाळत घाला त्यावर. पट्ट्याचा दोष नाही.”

टाकीला खालून धरणाऱ्या ब्रॅकेटला वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर होती. टाकी भरत आली, की वजनाने ब्रॅकेट बसायचं, त्याने पट्ट्याचं चाक तिरकं व्हायचं, पट्टा घासून तापायचा. टाकी रिकामी झाली, की चीर मिटायची आणि सगळं सरळ. म्हणजे आक्काने जे शब्द वापरले होते, त्यातच पत्ता होता. मामांनी तासाभरात तिथेच वेल्डिंग मारलं, जोडपट्टी लावली. मग पुन्हा टाकी निम्मी होईपर्यंत कापणी केली, आणि ताई मशीनबरोबर धुळीत चालत राहिल्या. मग पूर्ण भरेपर्यंत. मग थांबून त्यांनी कार्ड वाचलं.

“कण्हतं?”

“नाही,” आक्का म्हणाली.

“वास?”

“नाही.”

“थांबतं?”

आक्काने नुसती मान हलवली. ताई म्हणाल्या, “तोंडाने सांगा, मला लिहायचंय.” तेव्हा ती रडत रडत “नाही” म्हणाली, आणि दाजी उगाच ट्रॉलीचं चाक तपासायला गेले.

मी ताईंपाशी गेलो. आभार मानायचे सोडून म्हटलं, “तुमच्या मालकांना कळलं तर?”

त्या कार्डाची घडी घालत म्हणाल्या, “तुम्ही एवढंच करा. हे चारचौघांत बोलू नका. बोललात तर माझी नोकरी राहणार नाही. मामांचीही.”

मी शब्द दिला. आक्काने दिला, दाजींनी दिला. दिवस मावळेपर्यंत मशीन चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाललं. अकराला गव्हाचा शेवटचा तुकडा कापून झाला. दोनच्या सुमाराला मला आक्काचा फोन. म्हणाली, “धाकट्या, बोलू नकोस, ऐक.” आणि तिने फोन कोठाराच्या पत्र्याखाली धरला. पाऊस कोसळत होता. मी ऐकलं. त्या दिवशी प्रथमच असेल, की मी आक्काचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या कार्डावरच्या चार चौकटी गेल्या आणि कोऱ्या ओळी आल्या. ती गोड आवाजाची बाईही गेली. कॉफी ठेवलीय, कारण विभागीय अधिकारी येतात. तरी सांगतो, नुसत्या कोऱ्या ओळी छापून कोणी ताई होत नाही. आमची माणसं अजूनही शेतकऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तोडतात आणि त्याच्यापुढे धावतात. मीही धावतो. घरात तर फारच.

तर अध्यक्षसाहेब, ही ती गोष्ट. तुमचं फर्मान तुमच्या सगळ्यात विश्वासू माणसाने मोडलं, तेही समोरच्यांसाठी, आणि नऊ वर्षं तुम्हाला त्याचा पत्ता... काय? काय म्हणताय? जरा माईक तिकडे द्या हो. नको? बरं.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. अध्यक्ष म्हणतायत, “मला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं.”

कसं, साहेब?

ते म्हणतायत, “रजेचा अर्ज दिला होता तिने. अर्ध्या दिवसाचा, स्वतःचा आणि मामांचा. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘समोरच्या दुकानाचं मशीन दुरुस्त करायला जाते. पीक उभं आहे.’ सही माझी आहे त्यावर.”

ताई, तुम्ही असं लिहिलंत? डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, काहीही लिहिता आलं असतं. ताई म्हणतायत, “जे होतं ते लिहिलं.” अहो, पण मग मला बोलू नका असं का...

थांबा, अध्यक्ष पुन्हा बोलतायत. “तुम्ही तोंड उघडलं असतंत, बाजाराला कळलं असतं, तर मला फर्मान पाळावंच लागलं असतं. फिटरला काढलं आणि हिला ठेवलं, असं कसं चाललं असतं? तुम्ही गप्प राहिलात म्हणून ती राहिली, मामा राहिले. आणि त्या फिटरला मी पुढच्या महिन्यात परत बोलावलं, तो बघा तिकडे खुर्च्या लावतोय.”

भाषण लिहून आणलं होतं, त्यात हे पान नव्हतं. नऊ वर्षं मला वाटत होतं की मी या माणसाला फसवतोय, आणि हा माणूस माझ्या गप्प बसण्यावर भिस्त ठेवून निवांत होता. साहेब, रस्ता चाळीस फुटांचा आहे. तो ओलांडून तुम्हाला भेटायला मला आज पहिल्यांदा सुचलं, याची लाज वाटते. उद्या सकाळी येतो. डुगडुगत्या बाकावर बसू.

आक्काला मी म्हटलं होतं, वर ये, दोन शब्द बोल. ती म्हणाली, “मला नाही जमत. माझं एवढं विचार त्यांना, की उद्यापासून आम्ही फोन कोणाला करायचा?” इथल्या सगळ्यांच्या मनात हेच आहे आणि कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. ताई, उद्यापासून फोन कोणाला?

ताई बोट दाखवतायत. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ. त्या हिरव्या स्वेटरमधल्या बाई. उभ्या राहा हो बाई, लाजू नका. वर्षभर काउंटरवर ताईंच्या बाजूला बसून शिकल्या म्हणे. मशीनचं किती कळतं, ताई? “अजून बेताचंच,” ताई म्हणतायत. मग निवडलंत कशावरून?

“मध्ये बोलत नाही.”

आक्का, मिळालं उत्तर? मान हलवू नकोस, तोंडाने सांग. मिळालं म्हणतेय.

मग मी थांबतो. ताई, तुमच्यासमोर आज इतका वेळ एकटाच बोललो, हे तुमच्या शिकवणीच्या उलट झालं. सत्कारमूर्तींना निरोगी, निवांत दिवस लाभोत, त्यांच्या यजमानांची पाठ सरळ राहो. बोलावलंत, ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी भर सभेत माझी फजिती केली तीही प्रेमाने, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाची सासू उगाच मध्ये ओढली गेली असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

धन्यवाद.